बेटावर पाणी खारट लागतंय? नुसतं उकळून उपयोग नाही
राकसकोप धरणाचं पाणी पिऊन वाढलेली आपली बेळगावची पोरं नोकरीला बेटावर गेली की पहिल्याच आठवड्यात घरी फोन, आई पाणी खारट लागुलालंय, आणि इकडून आपण सांगतो उकळून पी. उकळल्यावर जंतू मरतात हो, मीठ जात नाही, उलट पाणी आटून खारटपणा थोडा वाढतोयच. बेटावर गोड्या पाण्याच्या खाली समुद्राचं पाणी असतंय, बोअर जास्त उपसली की ते वर येतंय. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते मोजायच्या मीटरनं बघायला सांगा, आपल्याकडं लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरतात, त्याच्या लई वर असलं तर आरओच पाहिजे, म्हणजे बारीक पडद्यातून दाबानं पाणी गाळून क्षार काढणारं यंत्र. पण मीटरला जंतू कळत नाहीत, हे विसरू नका. आरओचं पाणी बेचव लागलं तर या तांब्यातून त्या तांब्यात चारदा उंचावरनं ओतायचं, हवा मिसळते आणि चवीत फरक पडतोय.