हॅकेथॉनचा डेमो: स्टेज विसरा, टेबलं मांडा

हॅकेथॉन म्हणजे टीमनी ठरावीक तासांत प्रोजेक्ट बनवून जजना दाखवायची स्पर्धा. ती भरवताना हॉलची परवानगी, पोस्टर, वडापावची ऑर्डर, सर्टिफिकेटं हे सगळं तुम्हाला जमतं असं धरून चालतो. ज्याला जमत नाही तो या फंदात पडत नाही. घोळ होतो तो शेवटच्या तीन-चार तासांत, तेव्हा थेट तिथेच येऊ.

कोडिंग दीड तास आधी थांबवा. दोनचा डेमो असेल तर साडेबाराला लॅपटॉपवरून हात वर. या वेळात प्रत्येक टीमने चालत्या प्रोजेक्टचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवायचा. ‘सर, आमचं लाइव्ह चालतंय’ म्हणणाऱ्या टीमकडून तर आधी घ्या. ४० टीमनी आपापले हॉटस्पॉट लावले की वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल उरतात तीनच: १, ६ आणि ११. मग कोणाचंच धड चालत नाही. शिवाय रेंडरसारख्या होस्टिंग साइटवर फुकट प्लॅनमध्ये टाकलेला सर्व्हर १५ मिनिटं कोणी फिरकलं नाही की झोपतो. जज समोर उभा असताना त्याला उठवत बसायचं नसेल, तर पाच मिनिटं आधी एकदा उघडून ठेवा.

वीज. ६५ वॅटचे तीन लॅपटॉप एका टेबलावर, अशी ४० टेबलं, म्हणजे पावणेआठ किलोवॅटच्या आसपास. १६ अँपिअरच्या एका लाइनवर पावणेचार किलोवॅटच्या वर जात नाही. कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला आदल्या दिवशी हॉलमध्ये फिरवा आणि वेगवेगळ्या लाइनी वाटून घ्या.

आता जजिंग. इथे मी पहिल्यांदा सपशेल आपटलो. घणसोलीतलं एक कॉलेज, रविवार, ४० टीम. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, ‘प्रत्येकाला स्टेजवर पाच मिनिटं द्या, सगळ्यांना समान संधी.’ कागदावर २०० मिनिटं. पण प्रत्येक टीमच्या मध्ये प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल काढा, घाला, ‘मागे दिसतंय का?’, अ‍ॅडॉप्टर कोणाकडे आहे, यात दोन मिनिटं जातात. झाली २८०, म्हणजे चार तास चाळीस मिनिटं. पंचविसाव्या टीमपर्यंत अर्धा हॉल रिकामा झाला. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला जाऊन पुढे बदलापूरची गाडी पकडायची असलेली मुलं कशाला थांबतील? तिसाव्या टीमला एक जज सरळ मोबाइल बघत होते, आणि खरं सांगायचं तर मीही. बक्षीस जाहीर झालं तेव्हा दुसऱ्या नंबरची टीम ट्रेनमध्ये होती.

तेव्हापासून माझा एकच हट्ट: टीम टेबलाशी बसते, जज फिरतात. सहा जज घ्या. प्रत्येक टीम तिघांनी पाहायची म्हणजे १२० भेटी, एकाच्या वाट्याला २०. चार मिनिटं डेमो, दोन मिनिटं टिपणं आणि चालणं. दोन तासांत काम संपतं, मध्ये चहा धरून सव्वादोन.

मात्र जजना मोकळं सोडू नका. मोकळा जज जिथे ड्रोन उडतोय किंवा दिवे लुकलुकतायत तिथे जातो, आणि कोपऱ्यात डेटाबेसचं उत्तम काम केलेली दोन पोरं तासभर वाट बघत बसतात. प्रत्येकाच्या हातात छापील यादी हवी. माझी वाटणी अशी: पहिल्याला १ ते २०, दुसऱ्याला २१ ते ४०, तिसऱ्याला सगळी विषम टेबलं, चौथ्याला सम, पाचव्याला ११ ते ३०, सहाव्याला ३१ ते ४० आणि १ ते १०. बरोबर तिघं प्रत्येक टेबलावर येतात, आणि तेच त्रिकूट सगळीकडे नसतं. तिसऱ्या-चौथ्याला यादी उलटी चालायला सांगा, म्हणजे गर्दी कमी होते. दोघं एकाच टेबलाशी भिडलेच तर एकाने पुढचं उरकून मागे यावं. हातात घंटी घेऊन एक स्वयंसेवक उभा करा, आणि तो जजना घाबरणारा नको.

दहापैकी गुण मागू नका. हे मला फार उशिरा कळलं. एक जज सगळ्यांना आठ-नऊ वाटतो, दुसऱ्याचा हात सहाच्या वर जात नाही; सरासरी काढली की कडक जज वाट्याला आलेली टीम विनाकारण मरते. त्यापेक्षा प्रत्येक जजने आपल्या विसातले पहिले पाच क्रमाने लिहावेत. पहिल्याला पाच गुण, पाचव्याला एक. बेरीज दहा मिनिटांत होते. टीम फार असतील तर हॅकएमआयटीच्या (अमेरिकेतल्या एमआयटीमधली हॅकेथॉन) मंडळींनी केलेलं ‘गॅव्हेल’ हे मोफत सॉफ्टवेअर बघा. ते आकडे विचारतच नाही. आत्ता पाहिलेला प्रोजेक्ट आधीच्यापेक्षा बरा का, एवढंच विचारतं. आमच्यासारख्या ४० टीमना कागद पुरतो.

स्टेज शेवटी, फक्त पहिल्या पाचांना. तीन-तीन मिनिटं. पाचही लॅपटॉप बेरीज चालू असतानाच प्रोजेक्टरला लावून बघा; टाइप-सीचं अ‍ॅडॉप्टर स्वतःचं आणा.

निकाल सहाच्या आत लावा. तारीख ठरवण्याआधी त्या रविवारचा मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघा. मंडपवाल्याला टेबलं न्यायला साताच्या आधी बोलावू नका, आणि एक्स्टेंशन बोर्ड त्याच्यासमोर मोजून द्या. मी ४० घेतले होते, परत देताना ३६ भरले.