सराव पाठ घंटेच्या आत संपवायचा तर

बी.एड. किंवा डी.एल.एड.च्या छात्राध्यापकाचा, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्याचा, शाळेतल्या वर्गावरचा सराव पाठ बिघडतो तो बहुधा वेळेवरून. प्रस्तावनेतच दहा-बारा मिनिटं जातात आणि मुलांनी वही उघडायच्या आत घंटा होते. ३५ मिनिटांची तासिका असेल तर टाचणाच्या (पाठाच्या लेखी आराखड्याच्या) समासात मिनिटं लिहून ठेवा: मुलं स्थिरावणं २, प्रस्तावना ४, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) १, विषय प्रतिपादन १७, वहीत सराव ७, मूल्यमापन ३, गृहपाठ १.

दोन दिवस आधी वर्गशिक्षकांना भेटा. घटक कुठवर झालाय, रोज हजेरी किती असते, कोणत्या बाकावरून फळा चमकतो, हे विचारा. बैठकीचा आराखडा काढून त्यात नावं भरा. ‘ए, तू सांग’ म्हणणाऱ्याच्या ताब्यात वर्ग राहत नाही.

प्रस्तावनेला तीनच प्रश्न, आणि तिसऱ्याने मुलं विषयाच्या दारात आली पाहिजेत.

आता मुख्य भाग. समजा, घटक आहे भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, उदाहरण १/२ + १/३. कार्डशीटची ६० सेंमीची पट्टी पूर्ण धरा आणि ३० व २० सेंमीचे दोन तुकडे वेगवेगळ्या रंगांच्या कार्डशीटमधून कापा. पूर्ण पट्टीवर दर १० सेंमीला रेघ मारून सहा सारखे भाग करा. दोन्ही तुकडे तिच्याखाली एकापुढे एक लावले की पाच भाग भरतात, म्हणजे ५/६. हे डोळ्यांनी दिसल्यावरच फळ्यावर ३/६ + २/६ लिहा. लसावि त्यानंतर.

कुणीतरी २/५ सांगणारच. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक इतकी ठरलेली आहे की तिच्यासाठी २४ सेंमीची (६०च्या २/५) पट्टी आधीच कापून ठेवावी. ‘चूक, बस खाली’ म्हणू नका. ती पट्टी ३० सेंमीच्या अर्ध्याशेजारी लावा आणि विचारा, ‘अर्ध्यात आणखी मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसं?’ टाचणात ‘अपेक्षित उत्तर’ या रकान्यात बरोबर उत्तराखाली असं एक चुकीचं उत्तर आणि त्यावरचा पुढचा प्रश्नही लिहायला हवा. पाठाचा खरा कस तिथे लागतो.

प्रश्न आधी संपूर्ण वर्गाला विचारा, तीन सेकंद थांबा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलं की बाकीची मुलं विचार करणं सोडतात. ‘समजलं का?’ला एकसुरात ‘हो’ येतं. त्यातून काहीच कळत नाही. मुलांचं प्रत्येक उत्तर स्वतः पुन्हा म्हणण्याची सवयही मोडा. त्यात वेळ जातो, शिवाय मुलं एकमेकांचं ऐकेनाशी होतात.

फळ्यावरची ओळ उजवीकडे उतरते, कारण पाय जागीच राहतात आणि हात ताणला जातो. लिहिताना बाजूला सरका. कच्च्या कामासाठी उजवीकडची एक पट्टी राखून ठेवा. पाठाआधी चार शब्द लिहून शेवटच्या बाकावरून वाचून बघा.

२४व्या मिनिटाला प्रतिपादन संपलेलं नसेल, तर उरलेलं उदाहरण सोडा आणि वह्या उघडायला सांगा. सरावाची सात मिनिटं कापू नका. त्या वेळात बाकांमधून फिरल्यावरच कोण अडलंय ते दिसतं. लवकर आटोपलं तर दोन जादा गणितं टाचणाच्या मागे तयार असू द्या. मार्गदर्शकांचे शेरे वाचताना, ठरवलेल्या मिनिटांशेजारी प्रत्यक्ष लागलेली मिनिटं त्याच दिवशी लिहा. पुढच्या पाठाचं टाचण त्या आकड्यांवरून करा.