वॉरफ्रेममध्ये दुर्मीळ साहित्य जमवताय? या चुका टाळा

जुळे सोलापुरातला माझा एक मित्र वॉरफ्रेम हा ऑनलाइन गेम खेळतो. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत जागून तो गेममधल्या व्हॉइड या भागातून नऊ आर्गन क्रिस्टल घेऊन आला. रविवारी सकाळी त्याचा फोन. "अरे, नऊ होते ना? आता चारच दिसायलेत! खातं हॅक झालं का बघ."

खात्याला काही झालं नव्हतं. आर्गन हे या गेममधलं नासणारं साहित्य आहे. नव्या क्रिस्टलला पहिले 24 तास धक्का लागत नाही. त्यानंतर मात्र रोज जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, साठ्यातला निम्मा भाग उडतो. नऊचे चार असे झाले. म्हणून आर्गन सगळ्यात शेवटी आणायचं. आधी ब्लूप्रिंट (वस्तूचा आराखडा), क्रेडिट (गेममधले पैसे) आणि बाकीचं साहित्य तयार ठेवा, मग व्हॉइडमध्ये जा आणि परत आल्या आल्या फाउंड्रीत, म्हणजे गेममधल्या कारखान्यात, बांधणी सुरू करा. एकदा बांधणीला लागलेलं क्रिस्टल नासत नाही. साठवून ठेवायचा मोह या एका वस्तूपुरता तरी सोडाच.

दुसरी चूक जागेची. ऑरोकिन सेल हे साहित्य शनी आणि सेरेसवर मिळतं, न्यूरल सेन्सर गुरूवर, गॅलियम मंगळ आणि युरेनसवर. कुठल्या ग्रहावर काय मिळतं ते नकाशातच दिलेलं असतं, तरी अनेक जण ते न बघता मिळेल त्या मिशनमध्ये शिरतात. काही जण ग्रह बरोबर निवडतात, पण एकाच बॉसला वीस-वीस वेळा मारत बसतात. मला विचाराल तर ऑरोकिन सेलसाठी सेरेसवरचं गॅबी हे सर्व्हायव्हल, म्हणजे तग धरून राहायचं, मिशन बरं. तिथे शत्रूंची रांग तुटत नाही, आणि जितके शत्रू पडतील तितक्या वेळा नशीब आजमावता येतं. "तासभर काही मिळालं नाही, म्हणजे आता मिळणारच" हा हिशोब मात्र चालत नाही. आधी किती रिकामे गेले याचा पुढच्या शत्रूशी काही संबंध नसतो.

इथे नेक्रॉस हे पात्र फार कामाचं. त्याची डेसिक्रेट ही शक्ती पडलेल्या मृतदेहातून पुन्हा काही मिळण्याची संधी देते. पण एका मृतदेहावर ती एकदाच चालते, म्हणून चौघांच्या टीममध्ये दोन नेक्रॉस असून फायदा नाही. दुसऱ्याने कोरा हे पात्र घ्यावं, जादा साहित्य पाडणारा पिल्फरिंग स्ट्रँगलडोम हा मॉड (शक्ती वाढवणारं कार्ड) बसवून. दोघांचा लाभ एकमेकांत मिसळतो. आणि चौघांनी एकाच खोलीत राहा. एक जण पळत पुढे गेला की त्याने मारलेले शत्रू नेक्रॉसच्या टप्प्याबाहेर पडतात.

बूस्टर, म्हणजे ठरावीक काळासाठी मिळकत वाढवणारी खरेदी, याबद्दल कळकळीने सांगतो. तीन दिवसांचा बूस्टर घेतला की गेम बंद असला तरी त्याचं घड्याळ चालूच राहतं. आपल्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी आहे म्हणून संक्रांतीला बूस्टर घेऊ नका. अक्षता सोहळा आणि नंदीध्वजांची मिरवणूक सोडून आपण घरी थोडेच बसणार आहोत! खरोखर मोकळा असलेला शनिवार-रविवार बघून घ्या. साहित्यासाठीचे बूस्टर दोन प्रकारचे आहेत हेही लक्षात ठेवा. एकाने मिळालेले नग दुप्पट होतात, दुसऱ्याने ते मिळण्याची शक्यता दुप्पट होते.

आता लाइटचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. या गेममध्ये बहुतेक मिशन खेळाडूंपैकीच एकाच्या मशीनवर चालतात. ज्याच्या मशीनवर मिशन चालतं तो होस्ट. तो तुम्ही असाल आणि लाइट गेली, तर बाकी तिघांचा खेळ मध्येच अडकतो, नवा होस्ट निवडावा लागतो आणि कधीकधी मेहनत वाया जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घ्या. नेट डळमळीत वाटत असेल त्या दिवशी सोलो, म्हणजे एकट्याने, खेळा. शत्रू कमी येतील, पण दुसऱ्याचं नुकसान होणार नाही.

याच कारणाने मी साठ मिनिटांचं एक मिशन ओढत नाही. वीस-वीस मिनिटांची तीन करतो. सर्व्हायव्हलमध्ये दर पाच मिनिटांनी बक्षीस मिळतं आणि चौथं, म्हणजे विसाव्या मिनिटाचं, सहसा सगळ्यात चांगलं असतं. ते हातात पडलं की बाहेर पडायचं, मिळालेलं फाउंड्रीत लावायचं आणि मग पुढचं मिशन.