डोक्याच्या इजेनंतर वाचा आणि हालचाल थांबलेल्या रुग्णाची औषधे : या चुका टाळा

डोळे उघडे आहेत, खोलीत कोणी आले की नजर तिकडे वळते, हातापायांत ताकदही आहे. पण रुग्ण बोलत नाही आणि हात उचलायला सांगितले तर हालचाल सुरूच होत नाही. या अवस्थेला अकायनेटिक म्यूटिझम म्हणतात. मेंदूशल्यविशारद केर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये तिचे वर्णन केले, ते मेंदूत द्रवाची गाठ असलेल्या एका मुलीचे होते. गाठीतला द्रव काढला की ती शुद्धीवर येऊन बोलू लागे.

म्हणजे मूळ कारण दूर केले की रुग्ण सुधारू शकतो, आणि पहिली चूक तिथेच होते. कारण न शोधता अमँटाडिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन ही मेंदूला चालना देण्यासाठीची औषधे सुरू करण्याची घाई होते. इजेनंतर काही आठवड्यांनी मेंदूत पाणी साठू शकते, रक्तातले सोडियम घसरू शकते, बाहेरून न दिसणारे झटकेही (फिट्स) येत असू शकतात. सुधारणा थांबली किंवा रुग्ण मागे गेला, तर नव्या गोळीआधी सीटी स्कॅन, रक्ततपासणी आणि ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) यांचा विषय डॉक्टरांकडे काढावा.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक मात्र डिस्चार्ज कार्डातच दडलेली असते. आयसीयूत रात्री रुग्ण नळ्या ओढत होता म्हणून हॅलोपेरिडॉल, उलटी झाली म्हणून मेटोक्लोप्रमाइड, असे एकेक औषध सुरू होते आणि ते कारण संपल्यावरही कार्डावर तसेच राहते. ही दोन्ही औषधे डोपामिनचे, म्हणजे हालचाल सुरू करायला लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचे, काम अडवतात, तर अमँटाडिन, ब्रोमोक्रिप्टिन आणि लेव्होडोपा ही तेच काम वाढवण्यासाठी दिली जातात. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. क्लोनाझेपाम, स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन आणि झटक्यांवरची काही औषधे सुस्ती वाढवतात. म्हणून पुढच्या भेटीत प्रत्येक गोळीवर बोट ठेवून ती कशासाठी सुरू झाली आणि आज लागते का, हे विचारावे. झटक्यांचे औषध किंवा बॅक्लोफेन मात्र घरच्या घरी कधीही बंद करू नये.

अमँटाडिनबद्दलची अपेक्षाही नेमकी हवी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोक्याला इजा होऊन ४ ते १६ आठवडे झालेले, भान नसलेले किंवा अगदी थोडे असलेले १८४ रुग्ण होते. १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे सुरू करून मात्रा गरजेप्रमाणे २०० मिलिग्रॅम दोनदापर्यंत नेली. चार आठवड्यांत औषध घेणारे अधिक वेगाने सुधारले. बंद केल्यानंतर तो वेग मंदावला आणि दोन आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखे दिसले. त्यामुळे दोन दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडणे जितके चुकीचे, तितकेच त्याला रामबाण मानणेही. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) वाढले असेल तर मात्रा कमी करावी लागते. झटक्यांचा इतिहास आधीच सांगावा. दुसरा डोस दुपारीच द्यावा, नाहीतर रात्रीची झोप जाते.

झोल्पिडेम या झोपेच्या गोळीने काही रुग्ण जागे झाल्याचे व्हिडिओ नातेवाईक आवर्जून दाखवतात. ते घडते, पण क्वचित : २०१४ च्या अभ्यासात ८४ जणांपैकी चौघांनाच स्पष्ट उपयोग झाला. ती गोळी स्वतःहून देऊन पाहू नये.

राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) औषध देताना हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नयेत, सगळा डोस एकदम सुटतो. लेव्होडोपा आणि प्रथिनयुक्त फीड एकाच वेळी दिल्यास औषध कमी शोषले जाते.

शेवटी नोंदीची चूक. दोन औषधे एकाच आठवड्यात बदलली, तर फरक कशाने पडला हे कोणालाच सांगता येत नाही. ‘आज बरा वाटतो’ असे लिहिण्याऐवजी, रुग्णाच्या घरच्या बोलीत आणि रोज ठरलेल्या वेळी सूचना देऊन लिहावे : सकाळी दहा, अंगठा वर करायला पाच वेळा सांगितले, दोनदा केला, दुपारी चार, पाचपैकी एकदाही नाही, रात्री झोप तीन तास.