जुनी स्पोर्ट्स कार पहिल्यांदा विकत घेताना

जुनी स्पोर्ट्स कार निवडताना मॉडेलच्या लौकिकापेक्षा त्या विशिष्ट गाडीची देखभाल कशी झाली आहे, याला अधिक महत्त्व द्यावे. पावत्या जपलेली, भरपूर धावलेली गाडी ही वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीपेक्षा बहुधा बरी ठरते, कारण उभ्या गाडीतील रबरी सील सुकतात, ब्रेक गंजतात आणि टाकीतील पेट्रोल खराब होते.

सर्वाधिक वेळ गंज शोधण्यात घालवावा. इंजिन बदलता येते, कुजलेला सांगाडा सावरणे मात्र फार खर्चिक असते. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये कापडी छताचे पाणी वाहून नेणारे मार्ग तुंबले, की दाराखालचे पत्रे मागच्या चाकाजवळ आतून कुजू लागतात. वरचा रंग कितीही चकचकीत असला, तरी गाडी उचलून खालून पाहावी.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर मला तरी शंका येते. निळसर धूर म्हणजे तेल जळत असल्याची खूण. पोर्शे ९४४ सारख्या गाडीत इंजिनातील पिस्टन व व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, तुटल्यास पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा धरूनच बोलणी करावी. टायरच्या कडेवरील चार आकडी क्रमांकावरून निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते, तेही पाहावे.

व्यवहारापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या, त्या मॉडेलची माहिती असलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी, आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला ठेवावी.