राखणीला कुत्रं आणताय? या चुका टाळा

जत, आटपाडी, माण, खटावकडं पिल्लू आणताना आधी जात विचारतात, मग किंमत. काम मात्र ते वर्षाचं झाल्यावर आठवतं. कुत्रं बिघडलं म्हणून ज्या तक्रारी कानावर येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथंच असतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कारवान आणि मुधोळ ही शिकारी जातीची कुत्री घेताना. 2005 साली मुधोळ टपाल तिकिटावर आलं, पुढं लष्करानंही या जातीला प्रशिक्षण दिलं, तसा भाव वाढला आणि लोक ते वस्तीच्या राखणीला आणू लागले. पण लांबट तोंड, खोल छाती आणि बारीक कंबर ही ठेवण पळण्याची. हे कुत्रं नजरेनं शिकार धरतं. माळावर काही हललं की सुटतं, मग मागून कितीही हाका मारा. अनोळखी माणसाला ते सहसा बिचकतं, अंगावर जात नाही. ‘भुंकतच नाही’ म्हणून त्याला मारू नका, आणखी बुजतं. रोज कुंपणाच्या आत मोकळं पळू द्या, राखणीला दुसरं कुत्रं ठेवा. सशामागं सोडायची हौस तर नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तो गुन्हा आहे. आणखी एक: या कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी असते, त्यामुळं भुलीची काही औषधं त्यांना जड जातात. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा.

दुसरी चूक मेंढरांच्या बाबतीतली. मोबाइलवर परदेशी बॉर्डर कोली कळप वळवताना बघायचं आणि आपल्या धनगरी कुत्र्यानंही तसंच करावं म्हणायचं, हे चालत नाही. कोली दबा धरून, डोळे रोखून मेंढरांना दाबतं. ती शिकारीचीच चाल आहे, फक्त शेवटचा चावा माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कमी केलेला. राखणीच्या कुत्र्यात ही चाल मुळातच मंद हवी. त्यानं मेंढरात मिसळून बसायचं, रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती फिरायचं आणि लांडग्याचा वास आला की आवाज द्यायचा. कळप हाकायला मेंढका आहेच.

हे कुत्रं तयार होतं ते लहानपणी. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वाढतं, त्यांना आपलं मानतं. तेवढे दिवस घरात पोरांच्या मांडीवर गेले आणि सहा महिन्यांनी वाघरीत सोडलं, तर ते घराकडंच पळणार. आईचं दूध सुटलं की त्याला मेंढरांजवळ ठेवा, खाणंही तिथंच द्या. हाताळायचं जरूर, नाहीतर पुढं लस टोचतानाही हाताला लागणार नाही. सहा महिन्यांच्या पुढं वांड वय येतं. कोकरांचे कान ओढणं, लोकर उपटणं, पळणाऱ्याच्या मागं लागणं सुरू होतं. लगेच ‘हे मेंढरं मारणार’ म्हणून हाकलू नका. काही महिने कोकरांपासून लांब, थोराड मेंढ्यांत ठेवा. एखादी धडक बसली की आपोआप अंतर राखतं. जवळ जाणतं कुत्रं असेल तर फारच बरं. तरीही रक्त काढायची सवय लागलीच, तर मात्र त्याला कळपात ठेवू नका.

लॅब्राडॉरचं थोडक्यात सांगतो. नाक उत्तम, स्वभाव लाघवी. म्हणून वास काढायच्या कामात ते सरस आणि चोर अडवण्यात कच्चं. जर्मन शेफर्ड घरच्या राखणीला चांगलं, पण रोज शिकवायला वेळ हवा आणि घेण्याआधी त्याच्या आईबापांची मागच्या पायांची चाल बघून घ्या, कमरेच्या सांध्याचा दोष रक्तातून येतो.

दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, येईल त्याच्यावर चिडतं. शिराळा, कराड, पाटणच्या ऊसपट्ट्यात तर रात्री ते बाहेर बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला आयतं देणं. तिथं अंधार पडायच्या आत त्याला छपराच्या, पक्क्या जाळीच्या खोलीत घ्या. आवाज तिथूनही देता येतो.

खाण्यात नुसती दूध-भाकरी पुरत नाही, अंडं किंवा उकडलेलं मांस हवं. कालवण मात्र घालू नका, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्या, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, कोकणात उतरणार असेल तर हे निघण्याआधीच उरका.