पान आणि लाकूड बघायला निघण्याआधी

होळीच्या आगेमागे एखाद्या रविवारी पानझडीच्या जंगलात झाडं पाणी कसं वापरतात ते बघायला जायचं, तर निम्मी तयारी शनिवारी लाकडाच्या वखारीतच होते. साग, आंबा आणि सावर यांचे काडेपेटीएवढे तुकडे मागून आणा. वखारवाला पैसे घेत नाही, फक्त वेड्यात काढतो. प्रत्येकाचा आडवा छेद आधी १२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कंटाळा केलात तर भिंगातून करवतीचे ओरखडेच दिसतील. नीट घासलेल्या सागात दर वलयाच्या सुरुवातीला मोठ्या भोकांची रांग नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत याच वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढतात. आंब्यात भोकं सगळीकडे विखुरलेली. ही भोकं म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची कापलेली तोंडं. नळी दुप्पट रुंद झाली की तिच्यातून १६ पट पाणी जाऊ शकतं, म्हणून पावसाळ्यात सागाची चंगळ. पण जमीन कोरडी पडली की अशा रुंद नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरून धार तुटायची भीतीही जास्त. तेव्हा साग पानंच टाकून देतो.

पानांसाठी बिनरंगाची नेलपॉलिश, सेलोटेप, काचपट्ट्या आणि फोल्डस्कोप, म्हणजे कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक. आंब्याच्या पानाला खालच्या बाजूने पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि टेपने उचला. पर्णरंध्रांचा, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांचा ठसा येतो. कण्हेरीवर मात्र हा खटाटोप फसतो, कारण तिची रंध्रं केसाळ खळग्यांत दडलेली. तिथे ब्लेडने पातळ काप घ्यावा लागतो. चीक विषारी, म्हणून साबण हवाच.

पारदर्शक पिशव्या आणि सुतळी विसरू नका. एक पिशवी आंब्याच्या उन्हातल्या पानाळ फांदीला बांधा, दुसरी सावरीच्या निष्पर्ण डहाळीला. तासाभरात आंब्याची पिशवी आतून घामेजते, सावरीची जवळपास कोरडी. तरी सावर फुलांनी लाल! तिचं मऊ, हलकं लाकूड पाणी साठवून ठेवतं; तुकडा हातात घेतलात की पटेल. पिशव्या तोलायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोयता घरीच ठेवा.

तुकड्यांवर नावं पेन्सिलनेच लिहा. गेल्या वर्षी मी शाईच्या चिठ्ठ्या लावल्या आणि पाण्याची बाटली पिशवीत सांडली. सावर वजनावरून ओळखली, साग वलयांवरून. बाकीचे सहा तुकडे अजून कपाटात बेनाव पडून आहेत.